हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की बाबा पांढरा शर्ट स्वतः इस्त्री करायचे,
बाहीवर सुरीसारखी घडी,
आणि तळाशीलहून पहिल्या एस्टीने मालवणला जायचे
आपण जिवंत आहोत हे बँकेला सांगायला.

यंत्राला ते पटायचं नाही.
बॉयलरच्या झडपांनी बोटांवरच्या रेषा कधीच पुसून नेलेल्या.
अंगठा ठेवला, लाल दिवा. तर्जनी ठेवली, लाल दिवा.
"काका, ओळख पटत नाही."
बाबा काउंटरवर वाकून म्हणायचे,
"मगे मी कोण, तां तूच सांग."

लीडिंग स्टोकर मोतीराम खवणेकर.
पंधरा वर्षं जहाजाच्या पोटात,
पाण्याच्या रेघेखाली.
"दर्यात होतंय गो, पण दर्यो बघूक गावलो नाय."
म्हणून निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी
सुरूच्या बुंध्याला टेकून बसायचे,
थकबाकी वसूल करावी तसे
समुद्राकडे बघत.

एकाहत्तरच्या डिसेंबरात काय झालं,
शाळेच्या निबंधासाठी मी विचारलं होतं.
बराच वेळ सुपारी कातरत राहिले.
मग म्हणाले, "गरम होतां."
मी तेवढंच लिहिलं. बाईंनी दहापैकी तीन दिले.

डावा कान जहाजावरच राहिला.
आम्ही तिघी बहिणी जेवताना भांडायचो
त्यांच्या उजवीकडच्या पाटासाठी.
आई मात्र कायम डावीकडे बसायची
आणि तिचं त्यांना सगळं ऐकू जायचं,
न बोललेलंसुद्धा.

सुट्टीवर आले की वेण्या तेच घालायचे.
दोरखंडाच्या गाठी रिबिनीला.
वादळात नांगर सुटणार नाही अशा गाठी,
मग झोपताना त्या कशा सुटणार?
आई कात्री घेऊन यायची, पुटपुटत,
आणि दर सुट्टीगणिक
आमच्या रिबिनी बोट-बोट आखूड व्हायच्या.

आईचं अंग लुळं पडलं तेव्हा
आम्ही तिघी तीन गावांत, आपापल्या संसारात.
"बाई ठेवू या," मी फोनवर ओरडले, उजव्या कानात.
"चार तासांची पाळी माका नवी नाय," म्हणाले
आणि फोन ठेवला.

ती वही आता माझ्याकडे आहे.
सहा वर्षांच्या वह्यांतली शेवटची, कोपरे खाल्लेली.
मध्यरात्र ते चार: वारा वायव्येचा. कूस बदलली.
चार ते आठ: पेज, दोन चमचे. पाठीला खोबरेल.
आठ ते बारा: उन्हात खुर्ची. हसली.
"हसली"खाली एक रेघ.
मग पुढे कुठेतरी, तारीख वाचवत नाही,
पहाटे चार वाजून दहा. ओहोटी.
त्यानंतर रिकामी ओळ.
आणि दुसऱ्या दिवशी, सवयीने असेल,
वारा वायव्येचा.
एवढंच.

यंदा बँकेचं पत्र त्यांच्याच नावाने आलं:
हयातीचा दाखला तीस तारखेपर्यंत सादर करावा.
मी दुसराच दाखला घेऊन गेले,
ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचा.

तोच कारकून, आता केस पांढरे.
कागद वाचला, चष्मा काढला, पुसला.
मग बराच वेळ पडद्याकडे बघत म्हणाला,
"ताई, गंमत बघा,
इथे अजून ते हयातच दिसतायत."

माझ्यामागे रांग होती.
कुणीतरी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होतं.
बाहेर मासळीचा टेम्पो भोंगा वाजवत होता.
म्हटलं, थांबा जरा,
लगेच बटण दाबू नका.

आणि का कोण जाणे,
मी काउंटरच्या उजव्या बाजूला सरकले.